परंपरा, वारसा आणि अतिक्रमण : शाओलिनच्या स्थलांतराच्या निमित्ताने

चीनच्या हेनान प्रांतातील शाओलिन विहाराच्या परिसरातून २०००-२००१ च्या सुमारास कुंग-फू शिकवणाऱ्या शाळा हलवण्यात आल्या. विहाराकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना तोवर एक अख्खे गाव वसले होते : लहानमोठ्या शाळा, त्यांची वसतिगृहे, सरावाची मैदाने, खानावळी, तलवारी-भाल्यांची आणि भिक्षूंच्या वस्त्रांची दुकाने, उतारूंसाठी भाड्याच्या खोल्या. स्थानिक शासनाने हे गाव पाडले. शाळा बारा-तेरा किलोमीटरवरच्या डेंगफेंग शहरात गेल्या आणि विहाराभोवती मोकळी जागा व झाडी आली. पुढे २०१० साली डेंगफेंगमधील स्मारकांचा एक समूह युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत दाखल झाला. त्यात शाओलिनची मुख्य वास्तू, तिच्या मागचे भिक्षूंच्या समाधि-स्तूपांचे ‘वन’ आणि ११२५ मधील छुत्सू मंदिर यांचा समावेश आहे. ज्या विद्येमुळे शाओलिन हे नाव जगभर पोचले, तिचे सराव करणारे देह त्या वेळी तेथे नव्हते.

या घटनेबद्दल दोन प्रतिक्रिया सहज उमटतात. परंपरा आपल्या घरातून हुसकली गेली, असे एक जण म्हणेल. एका प्राचीन वास्तूभोवतीचे अतिक्रमण दूर झाले, असे दुसरा म्हणेल. दोन्ही प्रतिक्रिया एकाच गृहीतावर उभ्या आहेत असे मला वाटते. ते गृहीत असे, की परंपरेचे एक मूळ, नेमके आणि ओळखता येण्याजोगे स्थान असते. वाद फक्त तेथे कोणी राहावे एवढाच. प्रस्तुत लेखात मला हे गृहीतच तपासायचे आहे. त्याबरोबर त्याहून अवघड असा एक नैतिक प्रश्न आहे : एखाद्या कलेचे स्मारक जपण्यासाठी ती कला करणाऱ्यांना तेथून हलवणे, यात अन्याय झाला असेल तर तो नेमका कोणता?

शाओलिनला मी गेलेलो नाही. माझ्या पिढीने शाओलिन पाहिले ते आधी भाड्याने आणलेल्या व्हिडिओ कॅसेटवर आणि मग केबलवर, रविवारच्या दुपारी, हिंदीत बोलणाऱ्या चिनी भिक्षूंच्या रूपात. हे सांगायचे कारण असे, की शाओलिनविषयी जे काही आपण ‘जाणतो’ ते बहुतांशी कथेतून आलेले असते, आणि हे केवळ परदेशी प्रेक्षकाचे दुर्दैव नाही. खुद्द चीनमध्येही या स्थळाची घडण संहितांनीच केलेली आहे. किंबहुना साहित्याच्या अभ्यासकाला या प्रकरणात रस वाटावा तो याच कारणाने.

विहाराची स्थापना इ. स. ४९५ च्या सुमाराची. उत्तर वेई घराण्याच्या श्याओवन सम्राटाने ती एका भारतीय भिक्षूसाठी केली. चिनी साधनांत त्याचे नाव बातुओ असे येते. आपल्याकडे मात्र शाओलिन म्हटले की बोधिधर्म आठवतो, आणि कुंग-फू मूळचे भारताचेच, असा एक सुखद अभिमान त्या आठवणीला चिकटलेला असतो. हा अभिमान टिकणारा नाही. बोधिधर्माचा सर्वांत जुना उल्लेख यांग श्वानझी याने ५४७ साली लोयांगच्या विहारांविषयी लिहिलेल्या ग्रंथात येतो. तेथे तो पर्शियाचा एक वृद्ध भिक्षू आहे, एका भव्य स्तूपाकडे पाहून विस्मित झालेला. शाओलिनचा तेथे पत्ता नाही, युद्धविद्येचा तर नाहीच. दक्षिण भारतातले त्याचे कुळ नंतरच्या लेखनात येते. त्याने भिक्षूंना व्यायाम आणि युद्धविद्या शिकवली ही समजूत सतराव्या शतकातल्या ‘यीजिन जिंग’ या स्नायुसाधनेच्या पुस्तकाच्या आधाराने वाढली. त्या पुस्तकाची प्रस्तावना थांग काळातल्या एका सेनापतीच्या नावावर खपवलेली, म्हणजे बनावट आहे. थांग हाओ या चिनी संशोधकाने १९३० च्या दशकातच हे दाखवून दिले होते. कथा मात्र थांबली नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी लियू अ याच्या ‘लाओ त्सानचा प्रवास’ या कादंबरीने तिला पुन्हा हात दिला आणि पुढे चित्रपटांनी तिला अमरपट्टाच बहाल केला.

मग इतिहासाच्या हाती काय उरते? विहारात ७२८ सालचा एक शिलालेख आहे. थांग घराण्याचा दुसरा सम्राट झालेला ली शिमिन ६२१ मध्ये वांग शिचोंग या प्रतिस्पर्ध्याशी लढत होता. त्या वेळी शाओलिनच्या भिक्षूंनी शत्रूच्या फौजेवर हल्ला करून वांगच्या पुतण्याला पकडले, आणि त्याबद्दल तेरा भिक्षूंचा नावानिशी गौरव झाला. मेइर शाहार यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या शिलालेखाचे बारकाईने वाचन केले आहे. त्यातला एक तपशील मला सर्वांत बोलका वाटतो. भिक्षू लढले ते ध्यानाच्या एखाद्या उच्च अवस्थेतून नव्हे. सायप्रसच्या दरीतली विहाराची शेतजमीन वांगच्या माणसांनी बळकावली होती आणि तेथे त्याच्या फौजेचा तळ पडला होता. विजयानंतर सम्राटाने विहाराला चाळीस छिंग जमीन आणि एक पाणचक्की दिली. शाओलिनच्या युद्धपरंपरेचा पहिला खात्रीचा पुरावा हा जमिनीच्या ताब्याचा तंटा आहे. अतिक्रमण कोणाचे आणि मालकी कोणाची, हा प्रश्न २००० साली एकाएकी उद्भवलेला नाही. त्या परंपरेच्या पहिल्या लेखी पानावरच तो आहे.

या शिलालेखातल्या तेरा भिक्षूंच्या कथेवर १९८२ मध्ये ‘शाओलिन मंदिर’ हा चित्रपट निघाला. प्रत्यक्ष विहारात त्याचे चित्रीकरण झाले. नायक होता ली लियेनजिये, जग ज्याला जेट ली म्हणून ओळखते. चित्रपट अफाट चालला आणि देशभरातून मुले घर सोडून शाओलिनच्या वाटेला लागली. त्या वेळी विहारात होते तरी कोण? १९२८ मध्ये शी यूसान या लष्करी सरदाराने विहार जाळला होता. ग्रंथालय आणि बऱ्याचशा इमारती त्या आगीत गेल्या. १९६६ नंतरच्या सांस्कृतिक क्रांतीत उरल्यासुरल्या भिक्षूंवर जे यायचे ते आले. ऐंशीच्या दशकाच्या तोंडावर तेथे मोजके वृद्ध भिक्षू उरले होते. विद्या टिकली होती ती मुख्यतः आसपासच्या खेड्यांत, शेतकऱ्यांच्या घरांत. संन्यास सोडून संसारात परतलेल्यांनी आपल्या मुलांना आणि शेजाऱ्यांना जे शिकवले त्या रूपात. चित्रपट पाहून आलेल्या मुलांना शिकवायला पुढे आली ती ही घरे. त्यांच्या अंगणांच्या शाळा झाल्या, आणि शाळांभोवती ते गाव वाढले, जे पुढे अतिक्रमण ठरले.

म्हणजे क्रम असा लागतो : एक शिलालेख, त्यावरून एक चित्रपट, चित्रपटावरून एक गाव, मग स्थळाच्या ऐतिहासिकतेसाठी गावाचे उच्चाटन. जे काढून टाकले ते कथेचे अपत्य होते हे खरे. पण जे राखले त्याचे आकर्षणही कथेनेच निर्माण केले होते. पर्यटक तिकीट काढतो ते ११२५ च्या लाकूडकामासाठी क्वचितच.

येथे मराठीतल्या दोन शब्दांकडे थोडे थांबून पाहावेसे वाटते. ‘परंपरा’ आणि ‘वारसा’ हे शब्द आपण हल्ली एकमेकांच्या जागी वापरतो. वस्तुतः त्यांची घडण अगदी निराळी आहे. परंपरा म्हणजे एकापुढे एक, एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती. तिला माणसांची साखळी लागते, आणि एक दुवा तुटला की ती संपते. तिची मालकी सांगता येत नाही; फार तर आपण तिच्यात आहोत असे सांगता येते. ‘वारसा’ अरबी-फारसीतून आला तो न्यायालयाच्या वाटेने. त्याच्या मागे वारस आहे, हक्क आहे, दाखला आहे. आणि वारस ठरला की जे त्याच्याबाहेर राहते त्याला आपली भाषा ‘बेवारस’ म्हणते. परंपरेला असा विरुद्धार्थी शब्द नाही. बेपरंपरा कोणी म्हणत नाही. शाओलिनमध्ये जे घडले त्याचे वर्णन या शब्दांत करता येते. जे परंपरा म्हणून चालले होते त्याचे वारशात रूपांतर झाले. त्या रूपांतरासाठी हद्द आखणे, मालमत्तेची यादी करणे आणि वारस निश्चित करणे आवश्यक होते. हद्द आखताच आतले आणि बाहेरचे असा भेद पडला, आणि ज्यांच्या देहात विद्या होती ते जमिनीच्या हिशेबात बाहेरचे ठरले.

पिएर नोरा या फ्रेंच इतिहासकाराने १९८४ ते १९९२ या काळात संपादित केलेल्या ग्रंथमालेत स्मृतीची स्थळे आणि स्मृतीची परिसरे यांत भेद केला. स्मृती जगण्यातच भिनलेली असते तेव्हा तिच्यासाठी वेगळे स्थळ राखावे लागत नाही. तो परिसर नाहीसा होऊ लागला की स्मारके उभी राहतात. हे निरीक्षण मार्मिक आहे, परंतु त्यात स्मारक हे ऱ्हासाच्या मागून येणारे, जणू शोक करणारे असे कल्पिलेले आहे. शाओलिनमध्ये क्रम उलटा आहे. परिसर जिवंत होता, गजबजलेला होता, अंमळ जास्तच जिवंत होता, आणि स्मारकाला जागा हवी म्हणून त्याला उठवण्यात आले. नोराच्या मांडणीत या प्रकाराला घर नाही.

याच्या अगदी विरुद्ध टोकाचे उदाहरण जपानमधले आहे. इसे येथील शिंतो देवस्थानाची मंदिरे दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या भूखंडावर नव्याने बांधली जातात आणि जुनी उतरवली जातात. २०१३ मध्ये असे बासष्टावे पुनर्बांधकाम झाले. तेथे लाकूड जुने नाही, पण सुताराचा हात जुना आहे. वीस वर्षांचे अंतर असे, की एका पिढीतल्या कारागिराला तरुणपणी शिकता येते आणि प्रौढपणी शिकवता येते. विद्या राहावी म्हणून तेथे वास्तू जाऊ दिली जाते. शाओलिनमध्ये वास्तू राहावी म्हणून विद्येला जायला सांगितले गेले. १९९४ च्या नारा येथील परिषदेत अस्सलपणाच्या कसोट्या प्रत्येक संस्कृतीच्या आपल्या संदर्भात पाहिल्या जाव्यात असे मान्य झाले, त्यामागे जपानचा हा अनुभव होता. तरीही याद्या दोनच राहिल्या. शाओलिन कुंग-फूचा समावेश २००६ मध्ये चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत झाला, वास्तूंचा २०१० मध्ये जागतिक यादीत. देह एका यादीत आणि विटा दुसऱ्या यादीत.

एवढे लिहून झाल्यावर स्वतःलाच अडवणे भाग आहे. मी हे सारे अशा थाटात लिहितो आहे की जणू ते गाव म्हणजे एखादा आश्रम होता. तसे नव्हते. रस्त्यावर गिऱ्हाइकांसाठी चढाओढ होती, ज्याला त्याला आपली शाळाच अस्सल असे सांगायचे होते, आणि तेथे शिकणारी मुले पुष्कळदा गरीब घरांतली, आईबापांनी शिस्तीसाठी किंवा उद्याच्या सैन्य-पोलिसातल्या नोकरीसाठी पाठवलेली होती. शिवाय विहार हा मुळात चान पंथाचा आहे; चान म्हणजे आपले ‘ध्यान’च, उच्चार बदलून तिकडे गेलेले. ध्यानासाठी बसलेल्या भिक्षूला दारापाशी दिवसभर हजारो मुलांच्या आरोळ्या नकोत, ही मागणी अन्याय्य म्हणता येणार नाही. शांतता हाही त्या परंपरेचाच भाग आहे, आणि तो कुंग-फूइतकाच जुना, किंबहुना अधिक जुना आहे. आणि शेवटी, शाळा मेल्या नाहीत. समाधि-स्तूपांजवळच्या टागौ या वस्तीच्या नावाने १९७८ मध्ये सुरू झालेली शाळा शहरात गेल्यावर आणखी वाढली. तिची विद्यार्थिसंख्या आज तीस हजारांच्या पुढे सांगितली जाते, आणि २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकच्या उद्‌घाटनात तिचे विद्यार्थी जगाने पाहिले. टागौ या नावाचा अर्थच मुळी स्तूपांची घळ असा आहे. शाळेने ते नाव शहरात नेले. शहरात ना स्तूप, ना घळ.

मग नुकसान कशाचे झाले? परंपरेला तिची जमीन लागतेच असे म्हणावे, तर आपल्याच संगीताने ते खोटे ठरवले आहे. किराणा घराण्याचे नाव उत्तर प्रदेशातल्या कैरानाचे, पण अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले आणि ते घराणे फुलले महाराष्ट्र-कर्नाटकाच्या सीमेवर. त्याला मिरज घराणे म्हणावे असे कोणाच्या मनात आले नाही. अल्लादिया खाँ कोल्हापूरला आणि मग मुंबईला आले. गायकीचे नाव जयपूर-अत्रौलीच राहिले. गावाचे नाव माणसांबरोबर फिरते आणि ज्या गावाला ते सोडून आले त्याला पुष्कळदा याची गंधवार्ताही नसते. भूमी आणि सर्जन यांच्या नात्याविषयी मराठी समीक्षेत देशीवादाच्या निमित्ताने बराच खल झाला. त्या चर्चेत घराण्यांचे हे उदाहरण पुरेसे मनावर घेतले गेले नाही असे मला नेहमी वाटत आले आहे. कुंग-फू हा शब्दही स्थलवाचक नाही. चिनी भाषेत तो वेळ आणि श्रम खर्चून अंगी आलेल्या कौशल्याला लागतो, मग ते स्वयंपाकातले असो की सुलेखनातले. आपण ज्याला रियाझ म्हणतो त्याच्या तो जवळ जातो. रियाझाला जागा लागते, पण अमुकच जागा लागत नाही.

दक्षिण शाओलिनचे प्रकरण तर याहून मजेशीर आहे. दक्षिणेकडच्या कुंग-फू शाखा आणि जुन्या गुप्त संघटना फूजियान प्रांतातल्या एका जाळून टाकलेल्या शाओलिन मंदिराशी आपले मूळ जोडतात. ते मंदिर कोठे होते हे निश्चितपणे सांगता येत नाही. म्हणून आज छुआनचौ, पुथियेन आणि फूछिंग अशी तीन शहरे ते आपल्याच हद्दीत होते असे सांगतात, आणि तिन्हीकडे त्या नावाची मंदिरे उभी आहेत. कथेला पत्ता नव्हता, तेव्हा तिला एकदम तीन पत्ते मिळाले.

तेव्हा अस्सलपणा गेला अशी तक्रार मी करू इच्छित नाही. त्या शब्दाने या प्रकरणातला अन्याय दिसतच नाही, उलट झाकला जातो. कारण अस्सल आणि नक्कल ही भाषा मुळात त्याच पक्षाची आहे, ज्याने गाव पाडले. अन्याय पाहायचा तर क्रियापदांकडे पाहावे लागेल. अल्लादिया खाँ गेले. शाळा हलवल्या. ‘स्थलांतर’ हे नाम या दोन्हींना सारखेच लागू पडते आणि कर्ता पुसून टाकते. सरकारी मराठीला हा शब्द इतका प्रिय का, हे धरणग्रस्तांना विचारावे. ज्याने स्वतः जाण्याचे ठरवले त्याने आपल्या परंपरेचा अर्थ लावला. ज्याला हलवण्यात आले त्याच्या परंपरेचा अर्थ दुसऱ्याने लावला आणि मग त्याला कळवला.

अॅलास्डर मॅकिन्टायर या तत्त्वज्ञाने १९८१ च्या आपल्या ग्रंथात साधना आणि संस्था यांत केलेला भेद येथे उपयोगी पडतो. बुद्धिबळ ही साधना, बुद्धिबळ मंडळ ही संस्था. साधनेची फळे साधनेतच मिळतात. संस्था पैसा, पद, मान यांचा व्यवहार पाहते. संस्थेशिवाय साधना फार काळ टिकत नाही, आणि संस्थेच्या लोभाने ती सतत धोक्यातही असते. जिवंत परंपरा म्हणजे या साधनेचे श्रेय कशात आहे याविषयी काळाच्या ओघात चाललेला वाद होय, असे त्याचे म्हणणे. या दृष्टीने पाहिले तर शाओलिनच्या दारातला तो गोंधळ, कोणाचे अस्सल यावरचे ते भांडण, आरोळ्या आणि फलक यांसकट, हाच परंपरेचा वाद होता. तो बाजारी भाषेत चालला होता हे मान्य. पण त्यात शेतकऱ्याचा मुलगा आणि मुंडण केलेला भिक्षू यांना एकाच रस्त्यावर बोलता येत होते. गाव पाडल्यावर वाद मिटला नाही. त्यातला एक पक्ष ऐकू येईनासा झाला.

या मांडणीवर एक आक्षेप घेता येईल आणि तो वजनदार आहे. गावातले सगळेच काही जुन्या घरांतले नव्हते. १९८२ नंतर लांबून आलेले, दोन वर्षांत गुरू झालेले, शाओलिनशी ज्यांचा संबंध भाड्याच्या खोलीपुरता होता असेही तेथे होते. त्यांचे कोणते ऋण विहारावर होते? काहीच नाही, असे उत्तर देण्याचा मोह होतो. परंतु ऋणाचा विचार असा व्यक्तिशः करता येत नाही. विहार जळालेला, रिकामा आणि बदनाम असताना त्याचे नाव ज्यांनी घरात जपले ती घरे आणि हे नवे आलेले, यांना वेगळे काढायचे तर त्यासाठी कोणाला तरी त्यांच्याकडे जाऊन विचारावे लागते : तू कोणाकडून शिकलास? परंपरेत प्रवेशाचा हा एकच प्रश्न आहे आणि गुरुकुलापासून तालमीपर्यंत सर्वत्र तो विचारला जातो. हद्द आखताना मात्र वेगळा प्रश्न विचारला जातो : तुझ्या जागेचा कागद कोठे आहे? कागदाच्या प्रश्नाला जुने घर आणि कालचा भाडेकरू यांची उत्तरे सारखीच निघू शकतात. माझ्या मते अन्याय येथे आहे. आपल्या पदरात विद्या सांभाळणाऱ्यांना त्यांच्या विद्येवरून नव्हे तर त्यांच्या पायाखालच्या जमिनीवरून ओळखले गेले. त्यांना भरपाई मिळाली की नाही, हा महत्त्वाचा असला तरी निराळा प्रश्न आहे. भरपाई जमिनीची होते.

शुद्धीकरणाने बाजार हटला का, हेही पाहायला हवे. विहाराने १९९८ मध्येच स्वतःची कंपनी काढली होती, आणि पुढच्या काळात शाओलिन या नावाची व्यापारचिन्हे, परदेश दौरे, विक्रीच्या वस्तू यांचा पसारा वाढत गेला. १९९९ मध्ये महंतपदी आलेल्या शी योंगशिन यांना वृत्तपत्रे विहाराचा ‘मुख्य कार्यकारी अधिकारी’ म्हणू लागली. जुलै २०२५ मध्ये आर्थिक गैरव्यवहार आणि आचारभंग यांच्या आरोपांवरून त्यांची चौकशी सुरू झाल्याचे जाहीर झाले, त्यांचे भिक्षुपद काढून घेण्यात आले आणि लोयांगच्या श्वेताश्व विहारातील शी यिनले यांची त्यांच्या जागी नेमणूक झाली. या आरोपांवर निवाडा करणे माझे काम नाही आणि त्यावरून पंचवीस वर्षांपूर्वीच्या निर्णयाची परीक्षा करणेही बरोबर नाही. नोंद एवढीच, की अनेक विक्रेत्यांचा बाजार उठला आणि त्या नावाचा एक मोठा विक्रेता मागे उरला. बाजार कुरूप असतो म्हणून आपण त्याला हटवतो, पण त्याची कुरूपता पुष्कळदा विक्रेत्यांच्या संख्येत असते, विक्रीत नव्हे. आपल्याकडे अजिंठ्याला लेण्यांच्या पायथ्याची दुकाने अशीच काढून चार किलोमीटरवरच्या फर्दापूर फाट्याला नेली, तीही साधारण याच वर्षांत. लेण्यांना त्याचा फायदा झाला असे माझेही मत आहे. पण अजिंठ्याची चित्रे काढणारे हात त्या दुकानांत बसलेले नव्हते. दोन्हीकडचा निर्णय वरून सारखा दिसतो, हेच त्यातले अवघड आहे.

केबलवरच्या त्या दुपारींपैकी एक चित्रपट मला अलीकडे पुन्हा पाहावासा वाटला : १९७८ मधला, हाँगकाँगचा, लाउ कार-लेउंग दिग्दर्शित ‘शाओलिनची ३६वी खोली’. त्यातल्या मंदिरात शिक्षणाच्या पस्तीस खोल्या आहेत. घरादाराचा नाश झालेला सान-ते त्या एकेक करून पार करतो. सगळ्या पार झाल्यावर त्याला कोणत्याही खोलीचे प्रमुखपद देऊ केले जाते, आणि तो छत्तिसावी खोली मागतो, जेथे संसारी माणसांना शिकवता येईल. ही मागणी मंदिराच्या नियमात बसत नाही. शिक्षा म्हणून त्याला बाहेर पाठवतात, आणि पाठवणाऱ्यांना आपण काय करतो आहोत हे पक्के ठाऊक असते. लहानपणी आम्हांला पाण्याच्या बादल्या उचलण्याचे प्रसंग तेवढे आवडले होते. शेवटाकडे लक्षच गेले नव्हते. त्यातही माणूस हलवला जातोच. फरक एवढाच, की त्याला हलवणाऱ्यांनी आधी त्याचे म्हणणे ऐकून घेतलेले असते.

विहाराच्या मागच्या अंगाला मिंग काळातले सहस्रबुद्ध दालन आहे. त्याच्या विटांच्या जमिनीत अठ्ठेचाळीस खळगे पडलेले आहेत, ओळीने. पिढ्यान्‌पिढ्या भिक्षूंनी तेथे पाय आपटून सराव केला, त्याने ते पडले असे सांगतात. १८२८ मध्ये लिनछिंग नावाचा एक मांचू अधिकारी विहारात आला आणि त्याने तेथली युद्धविद्या पाहण्याची इच्छा व्यक्त केली, तेव्हा भिक्षूंनी आधी असे काही येथे चालतच नाही म्हणून सांगितले. शासन अशा विद्येकडे संशयाने पाहत असे. त्याने अभय दिल्यावर त्यांनी ती त्याला करून दाखवली. ते खळगे आता संरक्षित मालमत्तेचा भाग आहेत. ते बुजवता येत नाहीत आणि आणखी खोलही करता येत नाहीत.